एनसी दिली म्हणजे गुन्हा नोंदला का?

वाचकांचे प्रश्न : फौजदारी कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात जुने आकडे अजून सर्रास बोलले जातात, म्हणून गरज पडली तिथे दोन्ही दिले आहेत. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर कलम जुन्या दंड संहितेचेच लागते, फिर्याद आज दिली तरीही. खाली नुसते 'न्याय संहिता' आणि 'सुरक्षा संहिता' असे म्हटले आहे.

प्रश्न : बांधावरून भावकीत भांडण झाले. चुलत भावाने काठीने मारले, शिव्या दिल्या, 'बघून घेतो' म्हणाला. ठाण्यात गेलो तर एक कागद दिला आणि कोर्टात दाद मागा म्हणून परत पाठवले. माझी तक्रार घेतली की नाही? (वाचक, माण, जि. सातारा)

तक्रार घेतली, गुन्हा नोंदला नाही. तुमच्या हातात आहे ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. खाली बहुधा 'फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली' अशी ओळ असेल. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करतात, वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासाला हात लावता येत नाही (सुरक्षा संहिता, कलम १७४). कुठला गुन्हा कशात मोडतो हे ठाणे अंमलदार ठरवत नाही. सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक कलमापुढे ते छापलेले आहे. शेजारच्या रकान्यात जामीनपात्र की अजामीनपात्र, त्यापुढे खटला कुठल्या कोर्टात चालणार, हेही असते.

तुमच्या कागदावर न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमे असण्याची शक्यता मोठी. जुने ३२३, ५०४, ५०६. हे त्रिकूट ठाण्यात एका दमात म्हटले जाते. साधी दुखापत, चिथावणी देणारा अपमान आणि धमकी, तिन्ही अदखलपात्र. साध्या दुखापतीला १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे खरा प्रश्न असतो दुखापतीचा. हाड मोडले, सांधा निखळला, दात पडला किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या, रोजचे काम करता आले नाही, तर ती 'गंभीर दुखापत' (कलम ११६). जुन्या कायद्यात हे दिवस २० होते. गंभीर दुखापतीचे कलम ११७(२) दखलपात्र आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत. मारायला कोयता, विळा, लोखंडी गज असे काही वापरले असेल तर जखम साधी असली तरी ११८(१) लागून गुन्हा दखलपात्र होतो. काठीचे मात्र तसे सरळ नाही. ती केवढी होती, कशी वापरली, डोक्यात घातली की पाठीवर, यावर ठरते. म्हणून जबाबात नुसते 'काठीने मारले' असे लिहू देऊ नका. अंदाजे लांबी, जाडी, घाव कुठे आणि किती, हे येऊ द्या.

गाडी बहुतेक वेळा अडते ती दवाखान्यात. मार लागल्यावर ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याच्या नावाचे पोलिसांचे पत्र, घेऊन सरकारी दवाखान्यात जायचे. डॉक्टर तपासून जखमांचा दाखला देतात. लोक आधी ओळखीच्या डॉक्टरकडे पट्टी करून घेतात, सूज उतरेना म्हणून चार दिवसांनी एक्स-रे काढतात आणि त्यात मनगटाचे हाड तडकलेले दिसते. एनसी तोवर झालेली असते. अशा वेळी एक्स-रे, त्याचा अहवाल आणि डॉक्टरांचा दाखला जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पुरवणी जबाब घ्यायला सांगा. फ्रॅक्चर सिद्ध होत असेल तर प्रकरण दखलपात्रात जाते, आणि एक कलम दखलपात्र निघाले की जोडीची अदखलपात्र कलमेही त्याच तपासात धरली जातात.

जखम खरोखर साधीच असेल तर वाटा दोन. तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मिळावा म्हणून अर्ज करायचा, किंवा थेट खासगी फिर्याद दाखल करायची (सुरक्षा संहिता, कलम २२३). नव्या कायद्यात खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे एखादी तारीख वाढते. अर्जाला एनसीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि साक्षीदारांची नावे जोडा. मुदत विसरू नका. १ वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट १ वर्षाच्या आतच घेते, ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत ३ वर्षे. नुसते ११५(२) असलेली एनसी दोन वर्षे कपाटात पडली तर तिच्या जोरावर पुढे काही होत नाही.

एनसी आणि एफआयआर ओळखायचे कसे, तर एफआयआरचा छापील नमुना लांबलचक असतो. वर जिल्हा, ठाणे, वर्ष, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), खाली कायदा व कलमे. मग घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी मिळाली, हे दोन वेगळे रकाने. ठाण्यापासून दिशा व अंतर, आरोपीचा तपशील, चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन व किंमत, आणि 'उशिराचे कारण'. हा शेवटचा रकाना बहुतेकजण कोरा सोडतात. उलटतपासात आरोपीचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो. दोन दिवस दवाखान्यात होतो, गावात पंचांनी मिटवतो म्हणून थांबवले, जे खरे असेल ते त्यात लिहून घ्या. सही करण्यापूर्वी वाचा. प्रत मोफत मिळते, मागावी लागू नये, तरी मागा.

प्रश्न : पुण्याहून एसटीने परभणीला येताना बॅगेतले दागिने गेले. घरी आल्यावर कळले. इथले ठाणे म्हणते, चोरी आमच्या हद्दीत झालेली नाही. (वाचक, परभणी)

हद्द हे नकार देण्याचे कारण होऊच शकत नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट लिहिले आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर घ्यायची. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग करतात. प्रवासात झालेल्या चोरीचा खटला तर गाडी ज्या ज्या भागातून गेली तिथल्या कोणत्याही कोर्टात चालू शकतो. खबर ऑनलाइनही देता येते, पण ३ दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ती राहिली की खबर दप्तरी येत नाही, आणि लोक 'ऑनलाइन दिली होती' एवढ्यावर महिनाभर थांबतात.

तरीही घेतली नाही तर तक्रारीचा सारांश पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज. त्याला प्रतिज्ञापत्र लागते आणि अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा लागतो. मधली पायरी गाळून कोर्टात गेलेले अर्ज परत येतात. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले. नव्या कायद्याने त्यात एक खिडकी ठेवली आहे. ३ वर्षे किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तुम्हाला 'चौकशी चालू आहे' असे सांगितले गेले तर १४ दिवस कधी सुरू झाले ते लेखी विचारा.

चोरीला गेलेला ऐवज ५,००० रुपयांच्या आतला असेल तर मात्र तो गुन्हा आता अदखलपात्र आहे. दागिन्यांचा हा प्रश्न नाही, पण साध्या मोबाइलचा असतो.

प्रश्न : ६७ वर्षांच्या मामांना व्हॉट्सॲपवर नोटीस आली, 'कलम ३५(३) प्रमाणे हजर राहा'. अटक होईल का? (वाचक, मुलुंड)

आधी नोटीस खरी आहे का ते पाहा. ठाण्याचे नाव, गु.र.नं., कलमे, तपासी अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, हजर राहण्याची जागा आणि वेळ असायला हवी. कागदावरचा मोबाइल नंबर न लावता ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. व्हिडिओ कॉलवर 'अटक' करण्याची सोय आपल्या कायद्यात कुठेही नाही. तशी मागणी झाली आणि पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. आणि खऱ्या नोटिसीसाठीही व्हॉट्सॲप हा मार्ग नव्हे. ही नोटीस कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच बजावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

खरी असेल तर दुर्लक्ष करू नका. ही सुरक्षा संहितेची, म्हणजे जुन्या ४१-अ ची नोटीस. तिचा अर्थच असा की तूर्त अटकेची गरज वाटत नाही. हजर राहून सहकार्य केले तर अटक करायची नाही, करायची झाली तर कारणे लिहून ठेवावी लागतात. न गेल्यास अटकेला कारण तुम्हीच पुरवता. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक नको, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये घालून दिले. मामा ६० च्या पुढचे आहेत, म्हणून ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात त्यांना अटक करायला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

नोटीस साक्षीदार म्हणून, म्हणजे १७९ खाली असेल तर ६० वर्षांवरील माणसाला ठाण्यात बोलावताच येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. स्त्रियांनाही हेच. आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते. सही मागितली तर कलम १८१ दाखवा.

प्रश्न : मेहुण्याला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली. चार दिवस पीसीआर, मग एमसीआर. वकील म्हणतात आता जामीन टाकू. एमसीआर म्हणजे वाईट ना? (वाचक, इचलकरंजी)

उलट. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. एमसीआर झाली याचा अर्थ पोलिसांना विचारपूस, जप्ती यासाठी माणूस ताब्यात ठेवण्याची तूर्त गरज नाही. तो तुरुंगात जातो, आणि जामिनाचा अर्ज साधारण याच टप्प्यावर दिला जातो.

अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, कोर्टापुढे उभे करावेच लागते. अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी, अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, यात काही राहिले असेल तर पहिल्याच रिमांडला (कोठडीसाठी कोर्टापुढे उभे करतात तेव्हा) वकिलामार्फत सांगा. पुढच्या तारखेला सांगितलेले फिके पडते. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच संपवावी लागे. आता ती तुकड्यातुकड्यांनी, तपासाची मुदत ६० दिवसांची असेल तर पहिल्या ४० दिवसांत आणि ९० ची असेल तर पहिल्या ६० दिवसांत मागता येते. त्यामुळे एमसीआर झाली तरी पोलीस पुन्हा पीसीआर मागू शकतात. हा बदल आरोपीच्या घरच्यांना फार उशिरा कळतो.

आता दिवस मोजा. फसवणुकीच्या ३१८(४) ला, जुन्या ४२० ला, ७ वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून मुदत ६० दिवस. ९० ची मुदत फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना. मोजणी अटकेच्या तारखेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, आणि तो दिवस धरून, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नक्की केले. पहिला रिमांड १ मार्चला झाला तर साठावा दिवस २९ एप्रिल. तोवर दोषारोपपत्र आले नाही तर ३० एप्रिलला कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज द्यायचा. हा हक्क मागावा लागतो. दुपारी अर्ज टाकू म्हटले आणि अकरा वाजता दोषारोपपत्र दाखल झाले, की संपले.

जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत आणखी दोन-चार दिवस जातात, ते हमीदारामुळे. हमीदाराचे आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टी, काही कोर्टांत तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. हे कागद जामिनाच्या सुनावणीआधीच जमवा. दाखल्याला वेळ लागत असेल तर तात्पुरता रोख जामीन मागता येतो. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न किती हे न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

प्रश्न : कोर्टाची नोटीस आली, 'बी समरी अहवालावर म्हणणे द्या'. फिर्याद मी दिली होती. (वाचक, नाशिक रोड)

समरीची अक्षरे ही मुंबई इलाख्याची जुनी पद्धत, महाराष्ट्रात आजही चालते. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. सी समरी म्हणजे खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजातून दिलेला किंवा मुळात दिवाणी. बी समरी म्हणजे पोलिसांच्या मते फिर्याद जाणूनबुजून खोटी. म्हणून बी ला उत्तर न देणे सगळ्यात महाग पडते. ती मंजूर झाली तर लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल (न्याय संहिता, कलम २१७) तुमच्याच विरुद्ध कारवाई सुरू होऊ शकते.

फिर्यादीला ऐकल्याशिवाय असा अहवाल स्वीकारायचा नाही, हे १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून ठरलेले आहे. नोटीस मिळताच अहवालाची आणि सोबतच्या जबाबांची नक्कल मागा. म्हणण्यात पोलिसांवर राग काढण्यात पाने घालवू नका. कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कोणते सीसीटीव्ही, कोणता बँक उतारा मागवलाच नाही, हे नावानिशी लिहा. कोर्टापुढे तीन वाटा असतात : अहवाल स्वीकारणे, पुढील तपासाचा आदेश देणे, किंवा अहवाल बाजूला ठेवून स्वतः दखल घेणे. दुसरी वाट उघडते ती अशा नेमक्या यादीमुळे.

प्रश्न : मित्राने २ लाख हातउसने घेतले, परत देत नाही. चेक दिला तोही वटला नाही. ४२० लावता येईल? (वाचक, लातूर)

बहुतेक नाही. फसवणुकीला घेतानाच बुडवायचा इरादा लागतो, नंतर देता न येणे ही दिवाणी बाब. चेकचा रस्ता सरळ आहे, पण मुदती कडक. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते उलटल्यावर १ महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची फिर्याद. पोलीस ठाण्यात खेपा घालण्यात हे दिवस जातात.

प्रश्न : निवडणुकीआधी तहसीलदारांची 'चॅप्टर केस'ची नोटीस आली. मुलाच्या नोकरीला अडचण? (वाचक, पाथर्डी)

ही शिक्षा नाही आणि दोषसिद्धीही नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १२६ (जुने १०७) खाली शांतता राखण्याचा जास्तीत जास्त १ वर्षाचा बंधपत्र मागतात. नोटिसीत तुमच्याविरुद्ध नेमकी माहिती काय, हे लिहिलेले असलेच पाहिजे. नसेल तर लेखी मागा. चौकशी ६ महिन्यांत संपली नाही तर, विशेष कारणे नोंदवली नसतील तर, ती आपोआप संपते. नोकरीच्या फॉर्ममध्ये प्रश्न कसा विचारला आहे तो नीट वाचा. 'कधी कोणती कारवाई झाली का' असे असेल तर लपवू नका. पडताळणीत कारवाईपेक्षा लपवल्याचा फटका जास्त बसतो.

प्रश्न : साखळीचोर पकडले, माझे मंगळसूत्र मुद्देमालात आहे. खटला संपेपर्यंत मिळणार नाही म्हणतात. (वाचक, डोंबिवली)

मिळते. जप्त वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षे पडू देऊ नयेत, हे सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करा. सोबत एफआयआरची प्रत, सोनाराची पावती आणि मंगळसूत्र गळ्यात दिसेल असा एखादा समारंभाचा फोटो. कोर्ट पोलिसांचे व सरकारी वकिलांचे म्हणणे मागवते, मग बंधपत्र आणि सुपूर्तनाम्यावर ताबा देते.

गोंधळ होतो वजनाचा. फिर्यादीत २० ग्रॅम लिहिलेले असते ते काळ्या मण्यांसकट, आणि जप्ती पंचनाम्यात निव्वळ सोने साडेसोळा. मग वस्तू तीच का, असा प्रश्न येतो. अर्जातच मणी धरून व मणी वगळून असे दोन्ही लिहा आणि वाट्यांवरची खूण, पेंडंटमागची अक्षरे सांगा. सोनाराकडे वितळून लगड झाली असेल तर ओळख पटवणे अवघड जाते, आणि तो सोनारही हक्क सांगू शकतो. तिथे आरोपीचा माग आणि सोनाराच्या वहीतली तारीख कामी येते.

ताबा मिळाल्यावर विकायचे नाही, मोडायचे नाही, बोलावल्यास कोर्टात हजर करायचे, अशी अट असते. नवे मणी ओवायचे असोत की तुटलेली कडी डाग देऊन जोडायची असो, आधी परवानगी घ्या. ओढून तोडल्याचा पुरावा ती तुटलेली कडीच असते.